पहिल्या डब्यातली भगर

सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. कोकणातून इतक्या लांब नागपूरला आलो तेव्हा वस्तीतल्या काकूंनी आपल्या पिठाच्या चक्कीवर ठेवून घेतलं, मागची खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं. मी त्यांचा कोण? म्हणूनच त्यांना न आवडणारं काही बोलायची मला धास्ती वाटायची.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी चक्की झाडून आम्ही फक्त उपासाची भगर दळायचो. दगडांत गव्हाचं पीठ राहून कोणाचा उपास मोडू नये, म्हणून पहिला डबा काकूंच्या घरचा. आधीच्या दळणाचं थोडं पीठ पुढच्या डब्यात जातंच.

त्या वर्षी काकूंना सर्दी होती. डबा माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "मागच्या सालची हाये गा. वास येऊन राहिला का?"

कुबट वास आला होता. मी म्हणालो, "नाही काकू."

दुसऱ्या दिवशी दुपारपासून वस्तीत उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं. माणसांना ऑटोत घालून नेत होते. काकूंनाही नेलं.

अन्न खात्याच्या मॅडमनी आधी दुकानं पाहिली. पण भगर कोणी कळमन्याच्या बाजारातून आणलेली, कोणी कोपऱ्यावरून. मग त्या चक्कीवर आल्या आणि डब्यांची रांग आठवून सांगायला लावली. मला माणसांपेक्षा डबे आठवतात. काकूंचा गाळून मी सांगितलं, पहिला पितळी, मग कडीचा, मग पोचा आलेला स्टीलचा. त्या घरं विचारून खुणा करत गेल्या. रांगेतली पहिली घरं जास्त आजारी, नंतरची कमी, शेवटची धडधाकट.

"पितळी डब्याच्या आधी काय दळलं?"

चक्की बंद झाली तर काकू काय करणार, मी कुठे जाणार, हेच डोक्यात. पण काकू स्वतःच इस्पितळात होत्या. मी फळीवरचा त्यांचा डबा काढून दिला.

काकू आठवड्याने घरी आल्या. मला जेवायला वाढून समोर बसल्या.

"तुले वास आला होता ना?"

"हो."

"मंग सांगितलं काहून नाही?"

मी भातात बोटं फिरवत राहिलो. त्यांनी वरण वाढलं. पुन्हा कधी विचारलं नाही.

चक्की पुढे सुरू झाली. पितळी डब्याच्या आजी मात्र इस्पितळातून परत आल्या नाहीत. डबा आता त्यांची सून आणते. मी झाकण काढून वास घेतो, पुन्हा घेतो. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते.