परातीवरचा अँटेना

“गेला का?” फिरत्या दवाखान्याच्या डॉक्टर कुलकर्णी मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं.

फोनवरून पाठवलेला ईसीजी गेला नव्हता. व्हॅनमधल्या बाकावर या डोंगरातल्या गावची मल्लम्मा छाती धरून पडली होती. वय साठीच्या पुढचं. झटका वाटतो, पण ईसीजीवरून नक्की सांगता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्यांच्याकडे होतं, पण सिकंदराबादच्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते द्यायचं नव्हतं. चुकलं तर रक्तस्राव. घाट उतरून नेटवर्क गाठायचं तर वेळ जाणार.

आणि मी, मोबाइल कंपनीची इंजिनिअर, त्याच व्हॅनच्या बूस्टरचं टेस्टिंग करायला आले होते. बूस्टरवर लाल दिवा.

बूस्टर सिग्नल तयार करत नाही. छतावरचा अँटेना बाहेरचा कमजोर सिग्नल पकडतो, मधला डबा तो वाढवतो, आतला अँटेना फोनला देतो. कंपनीच्या परवानगीशिवाय तो लावायचा नसतो, म्हणून आम्हीच लावून दिला होता. शहरात, अंबरपेठच्या गॅरेजमध्ये सगळं हिरवं. रेड्डी सर, माझे बॉस, म्हणाले होते, “चलता है ना? मग काम क्लोज कर.”

इथे लाल म्हणजे बाहेरचा अँटेना आतल्याचंच ऐकत होता. माईक स्पीकरसमोर धरला की कुईऽ होतं, तसं. अशा वेळी डबा स्वतःच बंद पडतो. पण मध्ये पत्र्याचं छत असताना आतलं बाहेर कसं ऐकू जातं?

मी खाली उतरून छतावर बुक्की मारली. पत्र्यासारखा आवाज आला नाही.

“यादगिरी, हे छत कसलं आहे?”

“फायबर का है मॅडम,” ड्रायव्हर म्हणाला. “पुराना टपकता था, बदल दिये.”

फायबरमधून सिग्नल आरपार जातो. मला दोन अँटेनांच्या मध्ये धातू हवा होता, मोठा आणि आत्ता.

समोर शाळा होती. आत भात शिजत होता. यादगिरीने तेलुगूत स्वयंपाकिणीला सांगितलं. तिने आधी व्हॅनकडे बघितलं, मग मल्लम्माचं नाव ऐकलं आणि भात उपसायची भलीमोठी परात रिकामी करून स्वतःच घेऊन आली. मुलांचं जेवण कशात काढणार, असं मी विचारलं तर ती काहीतरी पुटपुटली. यादगिरी म्हणाला, “बोलती, वो मैं देख लेती, तुम चढो.”

छताच्या पुढच्या टोकाला परात पालथी घातली, वर अँटेना ठेवला, दोरीने करकचून बांधलं. आतला अँटेना पार मागच्या दाराशी नेला. बूस्टर बंद करून पुन्हा चालू केला. दिवा लाल, लाल, मग हिरवा. फोनवर दोन काड्या आल्या.

“गेला,” मॅडम म्हणाल्या, आणि लगेच फोन वाजला. पलीकडच्या डॉक्टरांनी चार-पाच प्रश्न विचारले आणि सांगितलं, “द्या.”

इंजेक्शन दिलं आणि तिला घेऊन व्हॅन निघाली. सिकंदराबादपर्यंत मॅडम मल्लम्माच्या मनगटावरून हात काढत नव्हत्या. वाटेत दोनदा पुन्हा ईसीजी पाठवावा लागला, दोन्ही वेळा गेला.

मल्लम्मा वाचली. पुढच्या फेरीला व्हॅन गेली तेव्हा ती शाळेच्या पायरीवर बसून, आपल्याला पुन्हा सुई टोचणार का, एवढंच विचारत होती.

रेड्डी सरांनी व्हॅनच्या छतावर अल्युमिनियमचा पत्रा मंजूर केला. मी एवढंच शिकले की बूस्टरची परीक्षा शहरात घेऊ नये. जिथे सिग्नल भरपूर असतो तिथे डब्याला जोर लावावाच लागत नाही, आणि तिथे कुठलाही डबा पास होतो.