न जुळणाऱ्या रॅमची जोडी

नांदुऱ्याच्या बाजारातल्या त्या कॉम्प्युटरवाल्याबद्दल माझं मत आजही वाईटच आहे. अज्ञान मला चालतं, माझं स्वतःचंही कमी नाही. पण फिरत्या खुर्चीत बसून, आपलं अज्ञान झाकायला समोरच्याला मूर्ख ठरवणारा माणूस माझ्या डोक्यात जातो.

मी घरी मराठी टायपिंग करते. लग्नपत्रिका, अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका. जुना कॉम्प्युटर थकला तेव्हा त्याच्याकडे गेले. "भाऊ, मले साधा पण टिकाऊ मदरबोर्ड पाहिजे. दिवसभर टायपिंगच कराचं हाय."

त्यानं लाल-निळे दिवे लागणारा बोर्ड पुढे केला. "हा गेमिंगचा हाय, ताई. सगळ्यात भारी."

कॉम्प्युटरात लग्नाचा मांडव घालायचा होता की काय, कोण जाणे. त्यात त्यानं रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या बसवल्या, एक नवी आणि एक ड्रॉवरमधून शोधून काढलेली. दोघींची कंपनी वेगळी, स्पीडचा आकडाही वेगळा.

"या दोन जमतीन काय एकमेकीले?"

"रॅम म्हणजे रॅम. खाचेत बसली ना? मंग जमली."

मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याबद्दल मला स्वतःचीही तेवढीच चीड येते.

त्या दिवसांत सोनाळ्याचे एक निवृत्त गुरुजी दर मंगळवारी बसनं यायचे. त्यांच्या बौद्ध वस्तीतली पहिली मुलं शाळेत कशी गेली, ते त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. अक्षर त्यांचं त्यांनाच लागायचं, म्हणून ते वाचायचे आणि मी टाइप करायचे. चाळीस पानं झाली आणि स्क्रीन निळा पडला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, पण फाइलमध्ये चौकोन आणि प्रश्नचिन्हं. पेनड्राइव्हवरची प्रतही तशीच, कारण बिघडलेली फाइलच मी तिथे उतरवली होती.

दुकानदार म्हणाला, "व्हायरस हाय." सगळं पुसून नव्यानं टाकून दिलं. चार दिवसांत पुन्हा तेच. मग म्हणाला, "तुमच्या घरची लाईन खराब हाय." तिसऱ्यांदा गेले तेव्हा गुरुजी सोबत होते. त्यांच्यासमोर तो म्हणाला, "बायकायच्या हातात मशीन टिकतच नाई."

गुरुजी स्टुलावर बसले होते. तिथूनच शांतपणे म्हणाले, "काऊन रे, बाईनं तुले पट्ट्यायचं इचारलं होतं ना? त्याचं उत्तर दे."

मोबाइल कानाला लावून तो आत निघून गेला.

घरी येऊन मी बोर्डाच्या कंपनीची वेबसाइट उघडली. त्या बोर्डावर तपासलेल्या रॅमची अख्खी यादी तिथे होती. ड्रॉवरमधली पट्टी तिच्यात नव्हती. मग पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवला. नवी पट्टी एकटी ठीक, जुनीही एकटी ठीक. दोन्ही एकत्र लावल्या आणि स्क्रीनभर चुकांच्या लाल ओळी.

त्या ओळींचा आणि यादीचा फोटो काढून दुकानात नेला. त्यानं तो धड पाहिलाही नाही. "लिस्टा कोन पाह्यते, ताई?"

"ज्याले काम येते तो पाह्यते," मी म्हणाले आणि दिव्यांचा बोर्ड पट्ट्यांसकट काउंटरवर ठेवून आले.

नवा बोर्ड मी स्वतः निवडला. दिवे नाहीत, कंपनीचं दुरुस्ती केंद्र अकोल्यात, आणि सोबत एकाच पाकिटातली रॅमची जोडी, जिचा नंबर या बोर्डाच्या यादीत होता. आधी दिवसभर तपासणी चालवली. एकही चूक निघाली नाही, तेव्हा गुरुजींना फोन केला.

त्यांनी पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. कुरकुर नाही. उलट या वेळी ते मध्येच वही मिटून वहीत नसलेलं सांगू लागले. त्यांची आई शाळेच्या फाटकापर्यंत यायची आणि आत जायच्या भीतीनं तिथूनच परतायची.

"हे बी टाक, पोरी," ते म्हणाले. "पह्यल्यांदा मले लिहाची लाज वाटली होती."

पुस्तिका छापून झाली. सोनाळ्यात घरोघरी गेली.

काही महिन्यांनी दुकानदाराचा फोन आला. "ताई, ते रॅमची लिस्ट कुठं भेटते? गिऱ्हाइकं लय कटकट करून राह्यले."

मी लिंक पाठवली, त्याच्या गिऱ्हाइकांची दया आली म्हणून. त्याचं "थँक्यू ताई" आलं, ते मी उघडलंही नाही.