ताईच्या गावची स्पॅनिश

कुणी हसलं की ते आधी दात बघत, मग माणूस. फोनवर बोलताना उभे राहत. पेन्सिल कानामागे ठेवून घरभर शोधत. नवा शब्द शिकले की आरशासमोर म्हणून बघत, जीभ कुठे टेकते ते त्यांना दिसायला हवं असे. पुसलेलं टेबल पुन्हा पुसत.

ते कवळ्या बनवायचे. चाळीस वर्षं. गल्लीत सगळे त्यांना बत्तिशीकाका म्हणत. त्यांच्या कामाच्या खोलीवरच मी भाड्याने राहते. साहित्याची पदवी आणि कॉलेजात दोन वर्षं शिकलेली स्पॅनिश, एवढ्यावर त्यांनी मला धरलं.

कारण त्यांची ताई. लग्न होऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदराच्या गावी गेली, त्याला बेचाळीस वर्षं झाली. मागच्या वर्षी तिला पक्षाघात झाला. ती वाचली, पण तिची मराठी गेली. उरली फक्त तिथली स्पॅनिश. दर रविवारी ती फोनवर काहीतरी सांगायची आणि काका "हो ताई, हो ताई" म्हणायचे. एका रविवारी ती रडत होती. तिला धीर द्यायला हे हसत हसत "हो ताई" म्हणत राहिले. नंतर भाच्याने सांगितलं, आपली आई गेली तेव्हा शेवटी माझी आठवण काढत होती का, असं ती काकांना विचारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका जिना चढून वर आले.

"मला तीन महिने कुठेतरी जाऊन स्पॅनिश शिकायचीय. कुठे जाऊ ते तू सांग."

"दप्तर आणि पाण्याची बाटली मी देते म्हणावं!" काकू खालून ओरडल्या.

मी दोन नावं काढली. स्पेनमधलं एक जुन्या विद्यापीठाचं शहर आणि ताईंचं गाव. ताईंच्या गावी एकच वर्ग होता. बेकरीच्या वरच्या मजल्यावर. तीन विद्यार्थी.

"काका, आधी शुद्ध भाषा शिका," मी म्हणाले. "ताईंच्या गावचे लोक भरभर बोलतात, शब्दांची शेपटं गिळतात. नवशिक्याने तिथे जाऊ नये."

"तू शिकलेली आहेस बाई. तू म्हणशील तसं."

स्पेनचा अर्ज मी भरला.

त्याच आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका नवी कवळी हातरुमालात गुंडाळून परत घेऊन आल्या.

"दात सुंदर केलेत हो. पण घरात कुणाला माझा आवाज ओळखू येत नाही."

काकांनी त्यांचा जुना फोटो मागवला. पुढचा एक दात तिरका होता. काकांनी तो सरळ केला होता. आता त्यांनी तो काढला, कानशीने थोडा घासला, तिरका करून पुन्हा बसवला. बाईंनी कवळी घातली आणि हजेरी घ्यावी तशी दहा नावं खणखणीत म्हणून बघितली.

"हं. आता मी आले," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर काका बराच वेळ टेबल पुसत होते. मग म्हणाले, "तो अर्ज रद्द कर. ताई ज्या तोंडाने बोलते, त्या तोंडाची भाषा मला पाहिजे. ती शेपटं गिळत असेल तर मीही गिळेन."

मी तो रद्द केला आणि बेकरीवरच्या वर्गाचा अर्ज भरला. मला लाज वाटली होती.

पक्षाघातानंतर ताईची कवळी सैल झाली होती, म्हणून काकांनी मेण, दात आणि हत्यारंही बॅगेत भरली. "नापास होऊन आलात तर दार उघडणार नाही," काकूंनी बजावलं.

एकोणिसाव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"अगं, ताई मला ओरडली! बूट घालून आत गेलो म्हणून. आणि मला कळलं. सगळं कळलं!"

"आणि आईंचं?"

"तेही सांगितलं. चुकतमाकत. आई रोज तुझं नाव घ्यायची, एवढंच सांगायला मला दहा मिनिटं लागली. मध्येच ती माझ्या चुका सुधारत होती. रडत रडत सुधारत होती."

त्यानंतर पाच दिवसांनी ते वर्गाला जाताना बेकरीच्या जिन्यात कोसळले. हृदय बंद पडलं. काकूंना सांगायचा धीर भाच्याला झाला नाही, म्हणून त्याने मला फोन केला. मी आमचा जिना उतरले. तेरा पायऱ्या आहेत.

महिन्याने त्यांच्या हत्यारांचा खोका आला. काकूंनी तो त्यांच्याच टेबलावर उघडला. वरची कवळी त्यात नव्हती, ती ताई वापरते. खालची होती. प्लास्टरच्या साच्यावर, मेणात. दहा दात बसवलेले. चार कागदाच्या पुडीत. त्यातला एक काकांनी तिरका बसेल असा एका कडेने घासून ठेवलाय.