तिकडून कोणीतरी लिहितंय

मुळशी धरणाच्या काठावर हैबतराव ढमाल्यांचं रिसॉर्ट आहे. हेमलता तिथं सात वर्षं काउंटर सांभाळते. गेल्या वर्षी रिसॉर्टच्या वेबसाइटवर गप्पांची खिडकी, म्हणजे चॅट, आली आणि चौकशांना उत्तरं देण्याचं कामही तिच्याकडे आलं.

दिवाळीनंतरच्या रिकाम्या दिवसांत तिच्या लक्षात आलं, रोज दुपारी चारला त्या खिडकीत एक हिरवा ठिपका पेटतो. मग तीन टिंबं हलू लागतात, म्हणजे तिकडून कोणी लिहितंय. थांबतात, पुन्हा हलतात. निरोप मात्र येत नाही. अर्ध्या तासानं ठिपका विझतो.

नवव्या दिवशी वेबसाइट बनवणारा प्रदीप भूगावहून आला होता. हेमलतानं विचारलं, "प्रदीपदादा, ह्ये बिघडलंय का? रोज कुणीतरी लिवतंय, पन येत काहीच न्हाई."

"बिघडलेलं नाही. पूर्वी पान परत उघडल्याशिवाय नवं काही दिसायचं नाही. आता लाइन उघडीच राहते. तिकडं बटण दाबलं की सर्व्हर लगेच इकडं कळवतो. टिंबं हलतायत म्हणजे माणूस खरंच लिहितोय."

"मग पाठवत का न्हाई?"

"खोडत असेल." समोरच्यानं कोणतं पान उघडलंय ते त्यानं स्क्रीनवर पाहिलं. "आणि बघत बसलाय आपल्या धक्क्याचा फोटो."



त्या धक्क्यावरून एप्रिलमध्ये दिशा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी पाण्यात उतरली होती, ती जिवंत वर आली नाही. उतरण्याआधी तिनं काउंटरवर विचारलं होतं, "ताई, पाणी खोल आहे का?" हेमलता रजिस्टर लिहीत होती. मान वर न करताच म्हणाली, "काठाला न्हाई." हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठिपका पेटताच तिनं लिहिलं, "मी काउंटरवरची हेमलता. आपण कोण?"

टिंबं बराच वेळ हलली. मग अक्षरं आली. "फोटोत कोपऱ्यात लाल टोपीवाली आहे ना, ती माझी दिशा. मी तिची आई. त्याच सकाळचा फोटो आहे. तो काढून टाकू नका, एवढंच सांगायचं होतं."

थोड्या वेळानं, "तुम्ही होता त्या दिवशी?"

हेमलतानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आपली टिंबंही त्या बाईला दिसत असतील, हे ध्यानात आल्यावर तिला थांबता येईना. "होते. तिनं मला पाण्याचं विचारलं होतं. मी न बघताच काठाला खोल नाही म्हणाले."

दहा मिनिटं ठिपका तसाच जळत राहिला.

"जेवली होती का ती?"

"हो. पिठलं-भाकरी. दोनदा मागून घेतलं."

"घरी कधी खायची नाही."

ठिपका विझला. पुढं तो कधी पेटला नाही.

संध्याकाळी हेमलतानं हैबतरावांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे फोटो."

आता चार वाजले की हेमलता काउंटर सोडून धक्क्यावर जाते. तिथं जे कोणी पाहुणे असतील त्यांना समोर उभं राहून, त्यांच्या डोळ्यांत बघून सांगते, "तीन पावलांवर पान्याखाली जुन्या नदीचं खोल पात्र हाय. उतरू नका." काही जण हसतात. ती हलत नाही.