मास्तरांचा पातळ माउथपीस

मास्तर आधी माणसाचं तोंड बघायचे, चेहरा नंतर. बेळगावच्या खासबागेतल्या बँडच्या खोलीत मी पहिल्यांदा सॅक्सोफोन शिकायला गेलो, तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. खुर्चीवरून उठले, माझी हनुवटी धरून दाराच्या उजेडाकडं वळवली आणि म्हणाले, "तोंड उघिड बघू." मी उघडलं. त्यांनी वरचे दात पाहिले, खालचा ओठ अंगठ्यानं दाबून पाहिला. "दात जरा म्होरं हायत. ओठ जाड हाय. चालतंय. काय करतोस?" मच्छे गावातल्या एका वर्कशॉपात फिटर आहे, असं मी सांगितलं. तेव्हापासून शेवटपर्यंत मी त्यांचा फिटरच राहिलो.

त्यांच्याकडं एक स्टीलचा डबा होता. त्यात जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेले माउथपीस असत. माउथपीस म्हणजे सॅक्सोफोनचं तोंडात धरायचं टोक. त्याला खालून एक पातळ पत्ती बांधलेली असते, ती फुंकरीनं थरथरते आणि आवाज येतो. मला ते सगळे सारखेच दिसायचे. मास्तर मात्र घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं त्यांच्याबद्दल बोलत. धातूचा चकचकीत होता तो वरातीचा. "ह्यो भांडखोर हाय. डीजेसंगं भांडायला बरा." काळ्या रबराचे होते ते लग्न लागल्यावर वाजवायचे. "हे शाणे. पर ह्यास्नी गोंजारावं लागतंय."

माझा आवाज काही केल्या निघत नव्हता. निघायचा तो चिरका, कापरा. "फिटर, आत शेळी बांधलीयास काय रं?" मास्तर विचारायचे आणि बँडमधले सगळे हसायचे. मी चिडून महागातला माउथपीस मागवतो म्हणालो, तर हात हलवत म्हणाले, "आवाज दुकानात मिळत न्हाय. तुझ्या टाळूत हाय त्यो. माउथपीसनं त्येला फकस्त वाट द्यायची." दर रविवारी ते डब्यातला एकेक काढून लावायला देत, डोळे मिटून ऐकत आणि मान हलवून परत घेत. एका दुपारी त्यांनी दातांचे वण पडलेला एक काळा माउथपीस दिला. मी फुंकर घातली आणि इतका जाड, शांत आवाज आला की कोण वाजवतंय म्हणून मी मागं वळून पाहिलं. मास्तर हसले. "मागं काय बघुलालास? तूच हाईस." तो माउथपीस त्यांनी परत घेतला नाही.

मास्तर मूळचे निपाणीचे. तंबाखू तिकडचीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पण बेळगावात आल्यावर त्यांना माव्याची सवय लागली होती. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं एकत्र घोटलेलं. वाजवायच्या आधी ते तीनतीनदा चूळ भरत. "वाजिवताना तोंड देवळागत पायजे." वाजवून झालं की हात पुढं करत. तो मावा घोटून द्यायचं काम माझं होतं. मला ते मानाचं वाटे. त्यांना एक चिमूट, मला एक चिमूट. आम्ही बँडच्या टेम्पोत शेजारी बसून गाल फुगवून गप्प राहायचो. त्या गप्प बसण्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात क्वचितच मिळालं असेल, हे आजही नाकारता येत नाही.

मग एकदा ते आपला लाडका माउथपीस घेऊन माझ्या घरी आले. "फिटर, ह्यो बोजड व्हायला लागलाय. वरनं जरा घासून दे." वरचे दात टेकतात ती उतरती बाजू मी वर्कशॉपात कानशीनं घासली, पॉलिश पेपरनं गुळगुळीत केली. घासताना रबराला गंधकासारखा वास सुटला. मास्तरांनी वाजवून पाहिला, त्यांचा जुना आवाज परत आला आणि त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. पुढच्या हंगामात तोच माउथपीस पुन्हा आला. "आनि थोडा." मी पुन्हा घासला. मग मुंबईहून एक नवा मागवला, तोही त्यांना जाडच वाटला. तोही घासला. मला अभिमान वाटत होता. मास्तरांच्या आवाजाला वाट करून देणारा मी.

खर्डा-भाकरीवर तुटून पडणारे मास्तर त्या सुमारास ताकभात खायला लागले होते. "पोटाला सोसत न्हाय," म्हणायचे. आम्ही मान डोलावली.

एका सकाळी वर्कशॉपात, सहज म्हणून, मी त्यांच्या माउथपीसला जाडी मापायचा व्हर्निअर लावला आणि शेजारी माझा ठेवून मापला. त्यांचा इतका पातळ झाला होता की आणखी घासला असता तर भोक पडलं असतं. हातात व्हर्निअर धरून मी उभा राहिलो. दांडा भोकात जात नसेल तर दांडा मापायचा आणि भोकही मापायचं, हे फिटरला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी इतके दिवस फक्त दांडा घासत होतो.

माझ्या स्वतःच्या गालात त्या वेळी मावा होता. मी बाहेर जाऊन थुंकलो आणि तीन बोटं उभी करून तोंडात घालून पाहिली. माझी गेली. तरी पुन्हा एकदा घालून पाहिली.

मास्तरांना मी काही बोललो नाही. रोज ठरवायचो आणि रोज घाबरायचो. त्यांना तोंड उघडा म्हणालो, तर ते म्हणतील, फिटर, आधी तुझं उघिड. आणि उजेडात त्यांना काय दिसेल, याची मला त्यांच्या आजारापेक्षा जास्त भीती वाटत होती. असा मी माणूस.

उचगावातल्या एका लग्नात ते घडलं. अक्षता पडल्या आणि मास्तरांनी सॅक्सोफोन उचलला. माउथपीस ओठांत शिरेना. ते लोकांकडं पाठ करून उभे राहिले, मान तिरकी केली, बोटानं ओठ ओढून तो कसाबसा आत घातला. नुसती हवा सुटली. नवऱ्यामुलाचे मित्र हसले. "मास्तर, सायकलीत हवा भरलालाय काय?" मास्तरांनी वाद्य माझ्या गळ्यात अडकवलं. "तू वाजीव रं." स्वतः झांजा घेतल्या. मी माझा माउथपीस लावून वाजवलं. ते शेजारी उभे राहून झांजा वाजवत होते आणि माझ्या बोटांकडं बघत नव्हते.

परतताना टेम्पोत त्यांनी मावा मागितला नाही. भर दुपार होती, ताडपत्रीच्या फटीतून ऊन येत होतं. मी म्हणालो, "मास्तर, तोंड उघडा बघू."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग उजेडाकडं वळून उघडलं. जेमतेम एक बोट जाईल एवढंच. आतले गाल पांढरट, ताठ, आणि एका बाजूला जखम.

"बघिटलास?" ते म्हणाले. "मग मिटू आता?"

पुढचं सगळं इस्पितळात झालं. ऑपरेशन, नळी, पाटीवर लिहून बोलणं. मी भेटायला गेलो की ते पाटीवर 'फिटर' लिहायचे आणि त्याच्यापुढं काहीच लिहायचे नाहीत. पावसाळ्यात ते गेले. मास्तरांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, माउथपीसचा डबा माझ्याकडं पाठवला.

मावा मी त्या टेम्पोतल्या दुपारी सोडला. आता माझ्याकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा तोंड उघडायला लावतो. "सर, दाताचे डॉक्टर हाय काय तुम्ही?" असं विचारतात. मी माउथपीसचं कारण सांगतो. स्वतःसाठी माझी एक वेगळी रीत आहे. सकाळी मास्तरांनी दिलेला जाड माउथपीस तोंडात घालून बघायचा. जातो. गेला की दिवसभर बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात सराव करताना जबडा अवघडला, म्हणून मी डब्यातला मास्तरांचा पातळ माउथपीस काढून लावला. किती सोपं वाटलं. आवाजही सुरेख आला. दोन ओळी वाजवल्या आणि कोणता माउथपीस लावलाय ते ध्यानात आलं. काही दिवसांपासून उजव्या गालाला आमटीतलं तिखट झोंबत होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी वाद्य खाली ठेवलं आणि बायकोला हाक मारली. ती मोबाईलची बॅटरी लावून समोर उभी राहिली. मी दाराकडं, उजेडाकडं वळलो.

"अहो, उघडा की नीट," ती म्हणाली.

मी उघडलेलंच होतं.