दादूसचा टँक

मी गणपतीचे डोळे आखते. बत्तीस वर्षं आखतेय. पनवेलात माझ्यासारखी आखणी कुणाच्या हातची नाही असं लोक म्हणतात, आणि मीही म्हणते. खोटा विनय मला जमत नाही. कारखान्यात अंगाचा रंग कुणी मारतं, पितांबर कुणी रंगवतं, दागिने कुणी, पण डोळ्यांची वेळ आली की सगळे मागे सरतात आणि माझी वाट बघतात. मी सकाळी अंघोळ करून, पोटात काही न घेता पाटावर बसते. कुणी बोलत नाही, रेडिओसुद्धा बंद. आणि एकदा डोळे उघडले की ते आखणाऱ्या हाताने त्या मूर्तीला पुन्हा ब्रश लावायचा नाही, हा आमचा नियम. ज्यांनी मला शिकवलं त्यांचा, आणि त्यांना ज्यांनी शिकवलं त्यांचाही. पितांबरावर एखादा ठिपका राहिला असेल तर राहिला.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे भांडण झालं ते यावरूनच.

दादूस म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही आगरी माणसं, थोरल्या भावाला दादूसच म्हणतो. आमच्या बापाने जन्मभर मिठागरात पाय भाजून घेतले आणि दादूस मात्र अठराव्या वर्षी फौजेत गेला तो टँकचा ड्रायव्हर झाला. बावीस वर्षं त्याने राजस्थानच्या वाळूत टँक चालवला. सुट्टीवर यायचा तेव्हा गावात त्याच्यामागे पोरांची रांग असायची. मलाही अभिमान होता, नाही कशाला म्हणू? पण माझ्या कामाला तो कायम हसायचा. "काय गं बाय, बाहुल्या रंगवून झाल्या का?" असं विचारायचा. बाहुल्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा मी त्याच्या ताटातली तळलेली सुरमई उचलून आत नेली होती, म्हटलं, आज बाहुलीच खा.

गेल्या वर्षी त्याला पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं वाचलं, पायही थोडा ओढत का होईना चालायला लागला, पण उजव्या हाताची पकड गेली आणि थरथर तेवढी राहिली. ज्या हाताने चाळीस टनांचं धूड वळवलं, त्या हाताला शर्टाची गुंडी लागेना. घरी कुणी आलं की तो हात मांडीवरच्या टॉवेलखाली लपवायचा. आम्ही सगळे ते न बघितल्यासारखं करायचो. त्याच्या बरोबरचे जुने टँकवाले दर थंडीत नगरला जमतात. यंदा त्याने नाही म्हणून सांगितलं.

मग माझ्या भाचीने, म्हणजे त्याच्याच मुलीने, डोकं चालवलं. ती तळोज्याला कंपनीत नोकरी करते. तिने इंटरनेटवरून एक डबा मागवला. त्यात दादूस चालवायचा त्याच जातीचा टँक होता, पण सुटा, शेकडो तुकड्यांत, आपण जोडून रंगवायचा. पुरा झाला की वीतभर लांब. डबा बघून दादूसचा चेहराच बदलला. म्हणाला, "हा मी माझ्या हाताने बांधतो आणि नगरला घेऊन जातो." आणि पुढे म्हणाला, "नाय जमला, तर जात पन नाय. सांगून ठेवतो."

चार दिवसांनी वहिनीचा फोन आला. "तुमी जरा येऊन जा. डबा फेकलाय त्यांनी."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी माझी गत. गणपतीचा मोसम संपून पाठ नुकती जाग्यावर येत होती. तरी रिक्षा करून कळंबोलीला गेले. दादूसचं घर हायवेजवळ, दिवसरात्र ट्रकची ये-जा. वहिनी दिवसातून दोनदा खिडक्या-टेबल पुसते, तरी बोट फिरवलं की धूळ येतेच. गेले तर वहिनी पलंगाखाली वाकून प्लास्टिकचे तुकडे वेचत होती आणि दादूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. टेबलावर गोंद सांडलेला, आणि त्यात दोन चाकं वेडीवाकडी चिकटलेली.

"गोंदच खराब हाय," तो म्हणाला.

"हो. नाचता येईना अंगण वाकडं."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्याने टॉवेल हातावर ओढून घेतला. मी एवढंच म्हटलं, "सरक तिकडे. मी जोडते, तू सांग."

"तुला काय कळतंय टँकमधलं?"

"तुला कळतंय ना? मग सांग."

त्यानंतर दीड महिना मी आठवड्यातून तीनदा कळंबोलीला जात होते. नेलकटरने तुकडे कापायचे, पॉलिश पेपरने कडा घासायच्या, काडीच्या टोकाने गोंद लावायचा. काम माझ्या हातचं, हुकूम त्याचे. खुर्चीत बसून नुसता उंटावरून शेळ्या हाकायचा. "ते उलटं हाय." "तो हूक डावीकडं." "अगं, चेन एवढी टाईट नसते, जरा सैल पायजे, वरून लोंबते ती." त्या चेनची, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्याची, एकेक कडी वेगळी होती, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, आणि अशा दोन्ही बाजूंना मिळून दीडशेच्या वर. मी वैतागून म्हटलं, "तुझ्या सरकारला अख्खा पट्टा परवडत नव्हता का?" तो हसला. झटक्यानंतर तो हसलेला मी पहिल्यांदा बघितला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

रंगाला मात्र मी टँक कारखान्यात घेऊन गेले. तिथे माझा कॉम्प्रेसर, माझी बारीक स्प्रेगन, माझं राज्य. दादूसने सांगितलेला हिरवा मी तीनदा मिसळून बरोबर आणला. एक थर, दुसरा थर, आणि वर सवयीने वॉर्निशचा हात. काय झळकला म्हणता! कारखान्यातल्या बायका बघायला आल्या. मी ऐटीत कळंबोलीला नेला.

दादूसने बघितला आणि कपाळावर हात मारला. "हा मखरात बसवायचाय का गं?"

"का? काय झालं?"

"टँक चमकला की मेला, बाय. लांबून उन्हात चमकतो आणि गोळा बसतो. आमी आरशाचा तुकडापन झाकून ठेवायचो."

मी बत्तीस वर्षं वस्तू झळकवायला शिकले, आणि हा म्हणतो चमक काढ! पण मुद्दा पटला. घरी आणून बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने सगळी झळाळी उतरवली आणि वर पुन्हा मऊ, मुका रंग मारला. करताना जीव तुटत होता, खोटं कशाला सांगू!

एवढ्यावर थांबले असते तर मी कसली! डब्यात दोन माणसं होती. एक वर उभा राहणारा कमांडर, आणि एक ड्रायव्हर, पुढच्या झाकणातून खांद्यापर्यंत बाहेर आलेला. ड्रायव्हरचं तोंड सुक्या वाटाण्याएवढं. मी दोघांना कारखान्यातला अंगाचा रंग दिला, आमच्या मूर्तींना देतो तो गुलाबी, आणि ओठांना हळूच लाली. दादूस भिंगातून बघत राहिला आणि मग असा हसत सुटला की त्याला ठसका लागला. "हा ड्रायव्हर हाय का नवरदेव? अगं, आमी वाळूत भाजून वांग्यासारखे झालो होतो!" वहिनीही पदर तोंडाला लावून हसत होती. मी रागारागाने ड्रायव्हर आणि कमांडर दोघांची तोंडं पुसली आणि गेरूत काळा मिसळून पुन्हा रंगवली.

मग राहिले डोळे.

ते मी माझ्याच पद्धतीने केले. सकाळी अंघोळ केली, चहासुद्धा घेतला नाही. सगळ्यात बारीक ब्रशचे केस कापून दोनच ठेवले. श्वास रोखायचा, एक रेघ ओढायची, मग श्वास सोडायचा. आधी कमांडर झाला. मग ड्रायव्हर. दादूसच्या डाव्या डोळ्याची पापणी लहानपणापासून जरा खाली आहे, कैरी पाडताना काठी लागली होती. काठी माझ्या हातात होती. मी ती पापणी तशीच आखली, केसाएवढी खाली. ब्रश उचलला तेव्हा तो वाटाण्याएवढा माणूस माझ्याकडे दादूससारखा बघत होता. मी आयुष्यात हजारो डोळे उघडले, पण त्या दिवशी मला रडू फुटलं. मला माझ्या हाताचा असा अभिमान वाटला, की उठून स्वतःलाच नमस्कार करावा.

टँक खोक्यात ठेवून मी कळंबोलीला नेला. नगरचं संमेलन चार दिवसांवर आलं होतं. दादूसने डाव्या हातात भिंग धरलं आणि ड्रायव्हरवर आणलं. मग त्याने भिंग खाली ठेवलं आणि स्वतःच्या डाव्या पापणीला बोट लावलं.

"हा तर मीच हाय," तो म्हणाला.

मी खोक्याचं झाकण उगाच नीट करत राहिले.

"फार सुंदर झालाय, बाय. बाहुली नाय ही." तो पुढे म्हणाला, "पण हा माझा नाय. तुझा हाय. सगळं तूच केलंस. मी तिथं काय म्हणून दाखवू? आणि हा कारखान्यातून आताच निघालेला टँक हाय. माझा कधी असा नव्हता. माझ्या टँकवर वाळूची धूळ असायची, बोटभर. पट्ट्यात, चाकात, सगळीकडे. घे ब्रश, धूळ लाव."

"नाही लावणार."

"का?"

"डोळे उघडलेत. डोळे उघडल्यावर मी ब्रश लावत नाही."

"अगं, हा काय देव हाय?"

"देव असो नाहीतर ड्रायव्हर. नियम म्हणजे नियम. तुमच्या फौजेत नियम नव्हते का?"

"धुळीशिवाय मी नेणार नाय!"

"नको नेऊस!"

जित्याची खोड. दोघं एकाच आईची लेकरं. मी चपला घालून जिन्यापर्यंत गेले. तिथे उभी राहिले तेव्हा डोक्यातला राग जरा उतरला आणि एक गोष्ट लक्षात आली. नियम माझा होता. ज्याने डोळे आखले त्याने पुन्हा ब्रश लावायचा नाही. दादूसने कुठे काय आखलं होतं?

मी सरळ कारखान्यात गेले आणि तासाभरात परत आले. एका वाटीत शाडूची भुकटी, पिवडीची पिवळी पूड आणि चिमूटभर गेरू असं मिसळून आणलं होतं. वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "वाळूचा रंग असाच ना?"

त्याने वाटीत बघितलं. "जरा पिवळी कमी."

मी शाडू वाढवली. "आता?"

"आता बरोबर."

"मग लाव. धूळ तुझी, तू लाव."

"बाय, माझा हात…"

"धूळ लावायला कसला आलाय हात! धूळ काय रेघेत बसते?"

त्याने डावा हात पुढे केला. मी वाटी मागे घेतली. माझं तोंड वाईट आहे हे मला माहीत आहे, पण त्या वेळी मी फक्त त्याच्या मांडीवरच्या टॉवेलकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग टॉवेल बाजूला झाला. उजवा हात वर आला, थरथरत. बोटं वाटीत बुडली आणि पट्ट्यावर आली. बोट थरथरत होतं आणि भुकटी त्या थरथरीने फटीफटीत उतरत होती, कुठे दाट, कुठे विरळ, एकसारखी कुठेच नाही. मी चमक काढली होती म्हणून ती रंगावर नीट बसतही होती. माझ्या स्थिर हाताने मी ती नक्की सारखी, नीटनेटकी लावली असती आणि सगळी खोटी दिसली असती. तासभर तो लावत होता. ड्रायव्हरच्या कपाळावरही त्याने करंगळीने जराशी लावली, डोळे मात्र सांभाळून.

मग त्याने वहिनीला हाक मारली आणि दम दिला, "याला फडकं लावलंस तर बघ!" दिवसातून दोनदा धूळ पुसणारी ती बाई, तिला चार दिवस त्या टेबलापासून लांब राहणं किती जड गेलं ते तिचं तिलाच ठाऊक.

नगरला भाची त्याला गाडीने घेऊन गेली. दुपारी तिने मला एक व्हिडिओ पाठवला. मोठ्या हॉलमध्ये पांढऱ्या केसांची पंधरावीस माणसं टेबलाभोवती उभी, मध्ये टँक. त्यातल्या एका म्हाताऱ्याने खिशातून रुमाल काढला आणि म्हणाला, "अरे, प्रवासात धूळ बसली बघ याच्यावर," आणि पुसायला वाकला.

"ए, हात लावू नको!" दादूस ओरडला. बावीस वर्षं इंजिनाच्या आवाजावर ओरडलेला आवाज तो, म्हाताऱ्याचा रुमाल हवेतच राहिला. "रंग माझ्या बहिणीचा हाय, ती गणपतीचे डोळे आखते. धूळ माझी हाय. ह्या हाताने लावली."

आणि त्याने तो हात सगळ्यांसमोर वर केला. थरथरत होता. टॉवेल कुठे दिसला नाही.