वहिनींची पर्स आणि खराडीचा घेवडा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना देवाने सगळं भरभरून दिलं, फक्त लाज तेवढी द्यायची विसरला. आणि चूक लक्षात आल्यावर पुन्हा त्यांच्यापर्यंत जायचा कंटाळा म्हणून त्यांच्या वाटणीचीही माझ्याच पदरात टाकून मोकळा झाला, असं माझं पक्कं मत आहे. मी त्यांना वहिनी म्हणते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांच्याबरोबर बाहेर पडायचं म्हणजे दोघींच्या वतीने लाजायचं काम माझ्याकडे. कारण एकच, बी. वहिनी कर्वेनगरात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात आणि डोक्यावरच्या गच्चीत त्यांनी वांगी, मिरच्या, शेपू, सब्जा, झेंडू, गोकर्ण असं इतकं काही लावलंय की धुतलेले कपडे दिवाणखान्यात पंख्याखाली वाळतात. माझे थोरले दीर त्या कपड्यांच्या आडून पेपर वाचतात. ते या विषयावर बोलत नाहीत. पूर्वी बोलायचे म्हणतात, पण ते मी येण्याआधी.

बियांच्या दुकानात वहिनींबरोबर जाणं ही माझी पहिली परीक्षा होती आणि त्यात मी अजून पास झालेले नाही. पाकिटावरच्या चित्रावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पाकिटावरचं वांगं म्हणजे मुलाकडून आलेला फोटो, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय हो म्हणू नये, असं त्या भर दुकानात सांगतात. मग एकेक पाकीट कानाशी धरून हलवतात, महिना वाचतात, गेल्या पावसाळ्यातलं निघालं तर दुकानदाराकडे अशा नजरेने बघतात की त्या माणसाने शिळा भात वाढला असावा. संकरित बी त्यांना नको असतं, कारण त्याचं घरी पुन्हा बी धरलं तर लेकरू आईवरही जात नाही आणि बापावरही. एकदा दुकानदार अगदीच कावला आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला मेथी पाहिजे की मेथीची पत्रिका?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "पत्रिका आहे का? मग आधी ती दाखवा." मागे रांग लागली होती. मी फवारणीच्या पंपावरच्या सूचना वाचत उभी होते. तो पंप मला आता झोपेतही चालवता येईल.

पण दुकान परवडलं म्हणावं असा त्यांचा दुसरा मार्ग होता. बी खरं निवडायचं ते झाडावर, हे त्यांचं तत्त्व. वेलाची पहिली फळं उतावळी, शेवटची दमलेली, बी धरावं ते मधल्यांचं. आता झाड दुसऱ्याच्या कुंपणात असलं तर काय करायचं, हा प्रश्न मला पडायचा, त्यांना नाही. ओलं फूल तोडलं तर चोरी आणि वाळलेलं घेतलं तर सोय, असा त्यांचा स्वतःचा कायदा होता. त्यांच्या पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्यांच्या डब्या, रुमालाच्या गाठी, औषधांच्या रिकाम्या बाटल्या असायच्या आणि प्रत्येकात कुणाच्या ना कुणाच्या अंगणाचा वंश सांभाळलेला असायचा. एका मुंजीत त्या पंगतीतून उठून आचाऱ्याकडे गेल्या आणि लाल भोपळ्याचा गर बियांसकट नॅपकिनमध्ये बांधून घेऊन आल्या. पैठणीवर ओला डाग पडला तो पडलाच. कोथरूडच्या एका सोसायटीत कुंपणाला लागून वाळलेला झेंडू खुडत होत्या, तेव्हा वॉचमनने विचारलं, कुणाला भेटायचंय. वहिनींनी फुलाकडे बोट दाखवून सांगितलं, याला. त्याने चेअरमनना बोलावलं, तर त्यांनाही यांनी ऐकवलं, "अहो, तुम्ही हे कचऱ्यात टाकणार. मी तुमचा कचरा कमी करतेय. पावती देऊ का?" तेवढा वेळ मी रस्त्याच्या पलीकडे एका क्लासची जाहिरात वाचत होते. दहावीच्या गणिताची मला इतकी आस्था दहावीतही नव्हती.

हे सगळं खरं, पण माझ्या स्वयंपाकघरातली हिरवी मिरची, कोथिंबीर, चहातला गवती चहा वहिनींच्या गच्चीतून येतो हेही खरं. आमच्या सोसायटीत असं घर नसेल जिथे त्यांनी एखादं रोप नेऊन दिलं नाही. नेऊन देताना त्या विचारत नाहीत, हवंय का म्हणून. घेताना विचारत नव्हत्या, तसंच.

माझ्या मुलाने, अनिकेतने, खराडीच्या ऑफिसातल्याच ऋतुजाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा तिच्या घरी पहिल्यांदा जाताना वहिनींना न्यावं की नाही यावर मी बराच विचार केला. पण घरातली मोठी सून म्हणजे त्याच, त्यांना टाळून जाणं शक्य नव्हतं. निघताना मी त्यांना म्हटलं, आज पर्स उघडायची नाही. त्या म्हणाल्या, मी काय लहान आहे? हे उत्तर नव्हतं, हे मला टॅक्सीत बसल्यावर कळलं.

ऋतुजाकडचे मूळचे खराडीचेच. पूर्वी शेती होती, तिथे आता काचेच्या इमारती आहेत आणि हे लोक त्यांच्याच सावलीत मोठा बंगला बांधून राहतात. घरात शब्द चालतो तो ऋतुजाच्या आजोबांचा. सगळे त्यांना आबा म्हणतात, त्यांची सूनसुद्धा. या सूनबाई म्हणजे माझ्या होणाऱ्या विहीणबाई. बोलणं छान चाललं होतं. चहा झाला, आवडीनिवडी झाल्या, वैशाखातले मुहूर्त निघाले. मध्येच वहिनी हात धुवायला म्हणून उठल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी ओळखते. हात धुतल्याने तसं समाधान कुणाला मिळत नाही. मी त्यांच्या पर्सकडे बघितलं.

तेवढ्यात आबा उठले. जेवायच्या आधी पाव्हण्यांना माझा येल दाखवतो, म्हणाले. आम्ही सगळे त्यांच्यामागून गच्चीवर गेलो. एका कापलेल्या पिंपात घेवड्याचा वेल होता आणि त्याला बांबूचा छोटा मांडव. जिना चढतानाच आबांनी सांगितलं होतं, मळा विकला तेव्हा त्यांनी तिथलं फक्त एवढंच बी उपरण्यात बांधून आणलं. दर वर्षी लावायचं, दर वर्षी बी धरायचं. यंदा मावा पडला, फार थोड्या शेंगा राहिल्या, त्या बियांसाठी वेलावरच वाळवत ठेवल्या होत्या. ते मांडवाजवळ गेले, पानं बाजूला सारली आणि थांबले. कडेच्या दोन-चार वाकड्या शेंगा लोंबत होत्या. बाकीचे देठ मोकळे.

आबा सुनेकडे वळले. "तुला बजावलं व्हतं ना, या शेंगांना हात लावायचा न्हाई म्हणून?"

विहीणबाई म्हणाल्या, मी नाही हो आबा. त्यांनी ऐकून घेतलं नाही. पाव्हणे येणार म्हणून झाडलोट केलीस, त्यात घालवल्यास, एवढं एक काम सांगितलं होतं, तेही या घरात होत नाही, असं ते आम्हा सगळ्यांसमोर बोलत राहिले. विहीणबाईंनी पदर खांद्यावर घेतला आणि खाली फरशीकडे बघत उभ्या राहिल्या. नव्या नात्याच्या माणसांसमोर असं ऐकून घेणाऱ्या बाईकडे बघवत नाही. मी बघितलं नाही. अनिकेत आकाशाकडे बघत होता.

मला वाटलं, वहिनी आता काहीतरी खुसखुशीत बोलतील आणि उरलंसुरलं लग्नही मोडेल. त्या पुढे झाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदा पाहिलं.

"त्यांना बोलू नका," त्या म्हणाल्या. "शेंगा मी घेतल्या. न विचारता घेतल्या."

आणि त्यांनी गच्चीच्या कठड्यावर पर्स रिकामी केली. डब्या निघाल्या, बाटल्या निघाल्या, रुमालांच्या गाठी निघाल्या. कुणाच्या लग्नातली पपईची बी, कुणाच्या कुंपणावरची गुलबक्षी. भर दुपारच्या उन्हात, होणाऱ्या व्याह्यांच्या देखत, आमच्या घराण्याची अब्रू कठड्यावर वाळत पडली होती. ऋतुजा तोंडावर हात दाबून खाली पळाली. ती रडतेय असं मला वाटलं. हसत होती, हे तिने लग्नानंतर सांगितलं.

आबांनी शेंगा तेवढ्या उचलल्या, तळहातावर पसरल्या आणि बराच वेळ बघितल्या. "निवड चांगली हाय तुमची," ते म्हणाले. "नेमक्या मधल्या काढल्या. पर देत न्हाई. औंदा एवढंच बी हाय. फुडल्या वर्षी या, आन् मागून घ्या." मग त्यांनी त्या शेंगा सुनेच्या ओंजळीत ठेवल्या आणि आता तूच सांभाळ म्हणून जिन्याकडे वळले. चुकलो, असं काही ते म्हणाले नाहीत. त्या पिढीत तेवढंच म्हणायची पद्धत असावी.

जेवण झालं, लग्नही ठरलं. परतताना वहिनी कर्वेनगर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होत्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "त्या बाईंची मान खाली गेली गं, माझ्यामुळे."

लग्नात त्या पर्स न घेता आल्या. मोबाईल हातात धरून एका कडेच्या खुर्चीत बसून राहिल्या. आबा भेटायला येताहेत असं दिसलं की उठून दुसऱ्या बाजूला जायच्या. आचाऱ्याने मांडवामागे चांगला घड्याएवढा भोपळा चिरून ठेवला होता, पण त्यांनी तिकडे मान वळवली नाही. पुढे आमच्याबरोबर फिरायला आल्या की हात पाठीमागे बांधून चालायच्या. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. त्या वर्षी त्यांच्या गच्चीत अर्ध्या कुंड्या रिकाम्या होत्या, दिवाणखान्यातले कपडे वर वाळू लागले, आणि दिरांनी मला हळूच विचारलं, हिला बरं नाही का?

पुढच्या माघात ऋतुजा माहेरून येताना शेंगांची पुरचुंडी घेऊन आली. तिच्या आईने मुद्दाम वहिनींसाठी पाठवली होती. वहिनींनी ती उघडलीसुद्धा नाही. आबांनी मागून घ्या म्हणून सांगितलंय, मी मागितलं कुठे, असं म्हणाल्या. मी म्हटलं, मग मागा. चला, जाऊ खराडीला.

वहिनींनी पुरचुंडी माझ्याकडे सरकवली. "मला मागता येत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी एवढी भावंडं. मागणाऱ्याला मिळायचं नाही गं. उचलणाऱ्याला मिळायचं."

हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी जिच्यामुळे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहायची, ती निर्लज्ज नव्हती तर. आपल्याला आपणहून कुणी काही देईल, हेच तिला माहीत नव्हतं. मी पुरचुंडी ऋतुजाला परत दिली, आणि रविवारी आम्ही दोघी खराडीला गेलो. टॅक्सीत वहिनींचे ओठ हलत होते. पाठ करत होत्या.

आबा गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. वहिनी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि पुटपुटल्या, घेवड्याचं बी हवं होतं. आबांना अलीकडे कमी ऐकू येतं. त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हनता?"

"बी मागायला आलेय," वहिनी इतक्या मोठ्याने म्हणाल्या की शेजारच्या गच्चीवरची बाई वळून बघू लागली. "द्याल का?"

"देतो की," आबा म्हणाले. "मागल्या वर्षी दिलं न्हाई, म्हून राग न्हाई ना?"

"राग नव्हता. लाज होती."

आबा हसले नाहीत. मांडवाकडे हात करून म्हणाले, निवडा तुमच्या हातानं. वेल यंदा चांगला लगडला होता. वहिनींनी एकेक शेंग बोटांनी चाचपली, पण तोडताना प्रत्येक वेळी वळून आबांकडे बघत होत्या आणि आबा प्रत्येक वेळी मान हलवत होते. थोड्याच घेतल्या. पदरात बांधल्या. मग, एकदा मागायला तोंड उघडलंच होतं म्हणून की काय, त्यांनी विचारलं, "मळा कुठे होता तुमचा?"

आबा काठीवर जोर देऊन उठले, कठड्यापाशी गेले आणि समोरच्या काचेच्या इमारतींकडे काठी रोखून सांगू लागले. गाड्या उभ्या आहेत तिथे विहीर. ते गेट दिसतं ना, तिथून घेवड्याचा मांडव. वहिनी विचारत होत्या, पाणी कुठनं यायचं, बांधाला काय लावायचात, आंबा होता का. मी तिथे नको होते. मी खाली आले.

विहीणबाई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. वरून आबांचा आवाज येत होता, न थांबता. त्या गाळणी हातात धरून ऐकत राहिल्या.

"मळ्याचं बोलतायत का आबा?" त्यांनी विचारलं.

"हो. वहिनींनी विचारलं."

त्यांनी गाळणी खाली ठेवली. "जमीन जाऊन किती वर्षं झाली," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "आम्ही कुणी कधी विचारलंच नाही हो त्यांना."

चहा कपात ओतलेला होता. त्या ट्रे उचलायला गेल्या आणि थांबल्या. वर नेऊ का, म्हणाल्या.

मी म्हटलं, राहू दे. मग पुन्हा करू.